बाबांचे पूल आणि व्हिसावरचा एक

सांगलीत पावसाळ्यातला दिवस "आयर्विनला किती?" या प्रश्नाने सुरू होतो. आयर्विन म्हणजे कृष्णेवरचा १९२९ सालचा पूल, आणि किती म्हणजे पाणी किती फूट. ४० झाले की काठावरची माणसं सामान वर चढवायला घेतात, ४५ ला धोक्याची पातळी. २०१९ मध्ये आकडा ५७ च्याही पुढे गेला. तेव्हा बाबा वरच्या मजल्याच्या गॅलरीतून फोनवर मला सांगत होते, "पूल हलला नाही बघ." खाली आमच्या बैठकीच्या खोलीत पाणी होतं, त्याबद्दल मला आईकडून कळलं.

सार्वजनिक बांधकाम खात्यात ३१ वर्षं काढलेला माणूस, त्यातली बरीचशी पुलांवर. यंदा आई-बाबा दोन महिन्यांसाठी आमच्याकडे नेदरलँड्समध्ये आइंडहोव्हनला येतायत आणि त्यातले पंधरा दिवस गाडीने फिरायचं ठरलंय. हे सांगितल्यावर बाबांनी हॉटेल, थंडी, खर्च यातलं काहीही विचारलं नाही. "वाटेत पूल कुठले लागतात?" एवढंच विचारलं, आणि मी "बघते" म्हणाले. तिथेच चुकलं. चार दिवसांनी त्यांच्या डायरीच्या पानांचे फोटो यायला लागले. तीन रकाने: चेनेज, ठिकाण, शेरा. रस्त्याच्या सुरुवातीपासूनच्या अंतराला खात्यात चेनेज म्हणतात, हे मला पहिलीत असल्यापासून माहीत आहे. पण त्यांचे आकडे माझ्या प्रवासाच्या शीटशी कुठेच जुळेनात. प्रत्येक ठिकाणी चारशे पंच्याण्णवचा फरक. मी म्हटलं, वय झालं, कुठेतरी हातचा राहिला असेल. विषय काढला नाही.

तारखा आम्ही ठरवल्या असं म्हणवत नाही, शाळेने ठरवल्या. नेदरलँड्समध्ये मूल पाच वर्षांचं झालं की शाळा सक्तीची. "आजी-आजोबा आलेत, चार दिवस नेते हं" हे इथे चालत नाही, दंड होतो. जुलै-ऑगस्टच्या मोठ्या सुट्टीत निम्मा युरोप दक्षिणेकडे निघालेला असतो आणि शनिवारी आल्प्सच्या बोगद्यांपाशी गणपतीच्या आदल्या दिवशी कोकणाच्या रस्त्यावर असते तशी रांग लागते. म्हणून शाळेची मे महिन्याची दोन आठवड्यांची सुट्टी पकडली. सांगलीत तेव्हा ऊन मी म्हणत असतं, त्यामुळे आईचीही हरकत नव्हती.

निघायचं रविवारी, २६ एप्रिलला सकाळी सहाला. रविवार मुद्दाम. जर्मनीत रविवारी रात्री दहापर्यंत मोठ्या ट्रकना रस्त्यावर यायला बंदी असते. कोलोन ते फ्रँकफर्ट ज्याने आठवड्याच्या मधल्या वारी गाडी चालवलीय, त्याला उजव्या लेनमधली ट्रकची सलग भिंत आठवेल. रविवारी ती भिंत नसते. पण रविवारी दुकानंही नसतात, म्हणून पहिल्या दिवसाचा डबा घरून.

रस्ता असा: पहिली रात्र वुर्त्सबुर्ग, दुसरी साल्झबुर्ग, मग तीन रात्री स्लोव्हेनियात ब्लेडला. ("ब्लेडला कशाला जायचं?" आईने विचारलं. तळं आहे, तळ्यात बेट, बेटावर देऊळ, म्हणजे चर्च. "मग ठीक.") तिथून झाग्रेबवरून क्रोएशियात प्लिट्विट्से, मग स्प्लिट, मग समुद्राच्या कडेने डुब्रोव्हनिक. दिवसाला साडेचारशे किलोमीटरच्या वर नाही, हा माझा नियम. आईचे गुडघे दर दोन तासांनी मोकळे करावे लागतात, आणि बाबांना दीड तासाच्या पुढे धीर धरवत नाही. जर्मन हायवेवरच्या बऱ्याच स्वच्छतागृहांत आत जायला एक युरो टाकावा लागतो. बदल्यात एक युरोचं कूपन मिळतं, ते तिथल्याच दुकानात वापरायचं. आईने लगेच हिशेब केला: पाच माणसं, दिवसाला तीन थांबे, युरो शंभर रुपयांच्या घरात. मी म्हटलं, आई, कूपनात कॉफी येते. "कॉफी प्यायली की परत जावं लागणार," आई म्हणाली. याला माझ्याकडे उत्तर नाही.

आता बाबांची यादी. वुर्त्सबुर्गचा जुना दगडी पूल, मैन नदीवर. सोल्कानचा रेल्वेपूल, स्लोव्हेनियात सोचा नदीवर, १९०६ चा, ८५ मीटरची एकच दगडी कमान. रेल्वेच्या पुलांत याहून मोठी दगडी कमान जगात नाही. शेऱ्यात बाबांनी लिहिलंय, "८५ मी. दगडात!! सेंटरिंग कसं केलं असेल?" क्रोएशियात झादारजवळ मास्लेनित्साचा कमानीचा पूल. आणि सगळ्यात शेवटी, लाल पेनने चौकट करून, मोस्तार.

मोस्तारचा फोटो मी लहानपणापासून पाहिलाय. बाबांच्या टेबलाच्या काचेखाली, लक्ष्मीच्या चित्राशेजारी, कुठल्यातरी मासिकातून कापलेला. हिरव्या नदीवर दगडी कमान, मध्ये उंच, दोन्ही बाजूंना उतरती. १५६६ साली उस्मानी राजवटीत बांधलेला. ४२७ वर्षं उभा राहिला आणि १९९३ च्या नोव्हेंबरमध्ये तोफगोळ्यांनी पाडला. मग त्याच जातीचा दगड आणून, जुनी पद्धत अभ्यासून पुन्हा बांधला आणि २००४ मध्ये खुला केला. बाबा सांगतात की तो पडल्याची बातमी त्यांनी मिरजेच्या विश्रामगृहात ऐकली आणि त्या दिवशी साइटवर कुणाशी धड बोलले नाहीत. मोस्तार बोस्नियात आहे. स्प्लिटहून साधारण पावणेदोनशे किलोमीटर, एका दिवसात जाऊन-येऊन होण्यासारखं. मी शीटमध्ये एक अख्खा दिवस हिरवा रंगवून ठेवला होता.

फेब्रुवारीत पासपोर्ट घरी आले. बाबांनी व्हिसाच्या स्टिकरचा फोटो पाठवला, खाली दोन अंगठे. मी फोटो मोठा करून तारखा तपासल्या, नावाचं स्पेलिंग तपासलं, आणि मग किती वेळा प्रवेश या रकान्यात पाहिलं. एक.

चूक माझी. अर्ज मीच भरले होते, रात्री साडेअकराला, जेवणाच्या टेबलावर. जामीनपत्र, त्यावर इथल्या नगरपालिकेकडून करून घेतलेलं सहीचं प्रमाणीकरण, तीस हजार युरोचा प्रवास विमा, हे सगळं बरोबर जमवलं. आणि 'किती प्रवेश हवेत' या ओळीपुढे एकदा, दोनदा, अनेकदा अशा तीन चौकटी होत्या. आई-बाबा येणार एकदाच, म्हणून मी 'एकदा' वर खूण केली.

शेंगेन, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणारे युरोपातले देश, हे एक मोठं घर समजा. एकदा आत आलात की या खोलीतून त्या खोलीत कितीही फिरा, पुन्हा प्रवेश मोजत नाहीत. नेदरलँड्स, जर्मनी, ऑस्ट्रिया, स्लोव्हेनिया या खोल्या आधीपासूनच्या. क्रोएशिया १ जानेवारी २०२३ पासून आत आला, त्याच दिवशी तिथे युरोही आला. बोस्निया मात्र अंगणाबाहेर. उंबरा ओलांडून मोस्तारला गेलं की बाबांचा 'एक' संपला. परत आत यायला दार नाही. सीमेवर आई-बाबा त्या बाजूला आणि आम्ही या बाजूला, असं चित्र माझ्या डोळ्यांसमोर दोन रात्री येत होतं.

नवरा म्हणाला, नवीन अर्ज करून बघ. प्रवासाला नऊ आठवडे राहिलेले, मिळालेला व्हिसा रद्द करून पुन्हा रांगेत उभं राहायचं? आहे तोही जायचा. नाही म्हटलं.

बाबांना सांगायला मी रविवारची वाट पाहिली. व्हिडिओ कॉलवर सगळं सांगितलं, चूक माझी आहे हेही सांगितलं. ते गप्प. मग टेबलावरची पट्टी घेऊन, डायरीत मोस्तारच्या ओळीवरून सरळ रेघ मारताना मला दिसले. हाताने खोडलं नाही, पट्टीने. "रद्द कामाची नोंद अशीच करायची असते," म्हणाले. "पुढचं सांग." आई मागून म्हणाली, "अगं, त्यांना काही नाही वाटत." बाबांना वाटतंय की नाही हे आई कधीपासून ठरवायला लागली, हे मी विचारलं नाही.

त्या आठवड्यात मी रोज रात्री नकाशा उघडून बसायचे. डुब्रोव्हनिकचा रस्ता पाहताना एक नवाच घोळ दिसला. क्रोएशियाचा किनारा सलग नाही! मध्ये नेउम नावाच्या गावापाशी बोस्निया समुद्रापर्यंत खाली येतो, वीसेक किलोमीटरचा तुकडा. हे १६९९ च्या तहापासूनचं. डुब्रोव्हनिकच्या छोट्या प्रजासत्ताकाला शेजारचं व्हेनिस नको होतं, म्हणून त्यांनी मधली जमीन तुर्कांना देऊन टाकली. (इकडे तेव्हा राजाराम महाराजांचा काळ. शेजाऱ्याला लांब ठेवायला तिसऱ्याला मध्ये बसवायचं, ही युक्ती आपल्याकडेही काही नवी नव्हती.) म्हणजे नुसतं स्प्लिटहून डुब्रोव्हनिकला जायलासुद्धा बोस्नियात शिरून बाहेर पडायचं? मग तर डुब्रोव्हनिकही गेलं.

नाही गेलं. कारण जुलै २०२२ मध्ये तिथे पूल झाला.

पेल्येशाट्सचा पूल. क्रोएशियाच्या मुख्य भूमीवरून समुद्र ओलांडून पेल्येशाट्सच्या द्वीपकल्पावर उतरतो आणि बोस्निया बाजूला राहतो. लांबी २४०४ मीटर, सहा मनोरे, त्यांना तिरप्या केबल्सनी टांगलेला. पैशांचा मोठा वाटा युरोपीय संघाचा, बांधला चिनी कंपनीने, आराखडा स्लोव्हेनियाच्या मारियान पिपेनबाहर यांचा. समुद्राचा तळ इतका मऊ, की खडकापर्यंत पोचायला शंभर मीटरहून लांब पोलादी पाइल ठोकावे लागले. टोल नाही. मी सगळं वाचून बाबांना लिंक पाठवली. सांगलीत तेव्हा रात्रीचे दोन वाजले असणार, तरी निळ्या खुणा लगेच आल्या. पहाटे साडेपाचला पहिला मेसेज: "पाइलचा व्यास किती?" दुसरा: "भूकंप झोन आहे. बेअरिंग बघावे लागेल." तिसरा: "लांबून दिसेल असे राहायचे ठिकाण घे."

घेतलं. स्टोन गावाच्या जरा अलीकडे, दोन रात्री, गच्चीतून पूल दिसतो असं मालकीणबाईंनी लिहून दिलंय. स्टोनला मिठागरं आहेत आणि डोंगरावरून साडेपाच किलोमीटरची तटबंदी धावते. ती नवरा आणि लेक चढतील. डुब्रोव्हनिक एका दिवसात उरकणार. तिथल्या पायऱ्या पाहूनच आईने हात जोडले.

रस्त्याच्या पैशांचं थोडक्यात सांगते, कारण यात माझे दोन रविवार गेले. जर्मनीत कारला टोल नाही. ऑस्ट्रियात हायवेसाठी विन्येट, म्हणजे ठरावीक दिवसांचा रस्त्याचा पास, लागतं, डिजिटल घेतलं की गाडीच्या नंबरवर नोंद होते, काचेला काही चिकटवायचं नाही. ते अधिकृत साइटवरूनच घ्या. सर्चमध्ये वर येणाऱ्या मध्यस्थांच्या साइट तीच वस्तू चढ्या भावाने विकतात. जाताना दहा दिवसांचं आणि येताना एका दिवसाचं असं जमतंय. पण विन्येट असलं तरी टाउअर्न आणि काराव्हांकेच्या बोगद्यांचे पैसे वेगळे. काराव्हांकेचा बोगदा जवळजवळ आठ किलोमीटरचा. ऑस्ट्रियात आत शिरायचं आणि स्लोव्हेनियात बाहेर पडायचं. स्लोव्हेनियाचं आठवड्याचं विन्येट आम्हाला पुरतं. क्रोएशियात आपल्यासारखा नाका: चिठ्ठी घ्या, उतरताना पैसे द्या.

गाडीत काय काय हवं, तर प्रत्येकासाठी चमकणारं जॅकेट, त्रिकोण, प्रथमोपचार पेटी. लेकीची उंची १ मीटर ३८. नेदरलँड्समध्ये १३५ सेंटिमीटरनंतर बूस्टर सीट लागत नाही, म्हणून तिने मागच्या महिन्यात समारंभाने ती अडगळीत टाकली. जर्मनीत बारा वर्षं किंवा दीड मीटर. सीमा ओलांडली की ती पुन्हा लहान होणार, हे तिला अजून पचलेलं नाही. आणि बाबांनी पुण्याहून हौसेने घेतलेला डॅशकॅम घरीच राहणार. ऑस्ट्रियात खासगी गाडीतून असं रस्त्याचं सतत चित्रीकरण चालत नाही, दंड जबर आहे.

हो, बाबांनी आरटीओत जाऊन एक हजार रुपये भरून आंतरराष्ट्रीय परवानाही काढलाय. "असू दे. जर्मनीत वेगमर्यादा नाही ना?" सगळीकडे नाही असं नाही, बाबा. आणि नाही तिथे मागून दोनशेने येणारा डोळ्याची पापणी लवायच्या आत डिकीला टेकतो. स्टिअरिंग डावीकडे, गाडी उजवीकडे, आणि तुम्ही अडुसष्ट. यावर आमचं एकदा वाजलं. तोडगा असा निघाला की बाबा पुढे बसणार आणि रस्ता सांगणार. नकाशाचा आवाज बंद.

खाण्याचं खातं आईकडे. सगळीकडे स्वयंपाकघर असलेली घरं घेतलीत. तीन लिटरचा कुकर, मेतकूट, थालिपिठाची भाजणी, शेंगदाण्याची चटणी, पहिल्या दिवसासाठी दशम्या, गाडीत तोंडात टाकायला जयसिंगपूरचं भडंग. घरचं तूप आणायचं नाही हे सांगितल्यावर मात्र फोनवर शांतता पसरली. दूध-दुभत्याचे आणि मांसाचे पदार्थ भारतातून सामानात आणायला युरोपीय संघात बंदी आहे. "तूप म्हणजे काय बॉम्ब आहे का?" इथल्या बिनमिठाच्या लोण्याचं तूप फार छान कढतं, म्हटलं, तू आल्यावर आपण कढवू. "बघू," आई म्हणाली. तिच्या 'बघू'चा अर्थ मला पक्का माहीत आहे, म्हणून शिपोलच्या विमानतळावर मी आधी बॅगा उघडायला लावणार आहे.

प्लिट्विट्सेची तिकिटं ठरावीक वेळेची असतात, आधी ऑनलाइन घ्यायची. सोळा तळी एकातून एक ओसंडतात. आईसाठी मधला टप्पा बोटीने, वरचा तिथल्या गाडीने. मे महिन्यात पाणी भरपूर असतं. सोल्कानला जायला ब्लेडजवळच्या बोहिन्स्का बिस्त्रित्साहून मोटार रेल्वेवर चढवता येते. गाडीत बसल्या जागीच सहा किलोमीटरच्या बोगद्यातून पलीकडे, सोचाच्या खोऱ्यात. ही त्याच मार्गावरची रेल्वे, जी पुढे ८५ मीटरच्या कमानीवरून जाते. बाबांना हे मी सांगितलेलं नाही. गाडी चालू आहे की नाही ते आदल्या दिवशी बघायचं, उगाच आशा नको.

परत कसं यायचं यावर मात्र भरपूर खल झाला. नवऱ्याचं म्हणणं, आलो तसंच जाऊ. मी म्हटलं, स्प्लिटहून रात्रीची बोट घेऊ, सकाळी इटलीत आंकोनाला उतरू. गाडी पोटात, आपण वर केबिनमध्ये, एका रात्रीत पलीकडचा किनारा. शेंगेनमधून शेंगेनमध्येच, त्यामुळे बाबांचा 'एक' शाबूत. निकाल बाबांनी लावला, कारण इटलीमार्गे आलं तर व्हेरोना आणि आल्प्समधली ब्रेनरची खिंड लागते. व्हेरोनात रोमन काळातला पोंते पिएत्रा. (गाडी गावाबाहेर ठेवायची. जुन्या गावात कॅमेऱ्याने नंबर टिपतात आणि दंडाचा कागद काही महिन्यांनी घरी येतो.) ब्रेनरला १९६३ चा युरोपा पूल, दरीपासून १९० मीटर उंच. आणि त्याच रस्त्यावर लुएग पूल, ज्याची सध्या पुनर्बांधणी चालू आहे म्हणून २०२५ पासून बऱ्याचदा एकेकच लेन सोडतात. लोक तो टाळायचे मार्ग शोधतात. बाबांनी शेऱ्यात लिहिलंय: "काम चालू. थांबून बघणे."

परवा यादी पुन्हा वाचताना एक लक्षात आलं. वुर्त्सबुर्गच्या पुलाच्या कमानी १९४५ मध्ये जर्मनांनी माघार घेताना उडवल्या. पोंते पिएत्राही त्याच वर्षी, त्याच जर्मनांनी. नंतर नदीतून दगड वेचून काढून तो पुन्हा रचला. सोल्कानची कमान १९१६ मध्ये ऑस्ट्रियन सैन्याने तोडली, १९२७ मध्ये परत झाली. मास्लेनित्सा १९९१ मध्ये पडला, २००५ मध्ये होता तसा उभा राहिला. मी फोन करून विचारलं, बाबा, तुम्ही मुद्दाम पाडलेलेच पूल निवडले का? म्हणाले, "नाही गं. चांगल्या जागी पूल असला की पहिला तोच पाडतात. पाडायला एक रात्र लागते. पुढचं सगळं टेंडर."

मग मीच धीर करून त्या चारशे पंच्याण्णवचं विचारलं. म्हटलं, तुमचे सगळे चेनेज चुकलेत, आइंडहोव्हन शून्य धरा, वुर्त्सबुर्ग साडेचारशेला यायला हवं, तुम्ही नऊशे पंचेचाळीस लिहिलंय.

"आइंडहोव्हन शून्य कसं?" बाबा म्हणाले. "आयर्विनपासून मुंबई विमानतळ तीनशे पंच्याहत्तर. तुमच्या विमानतळापासून घर एकशे वीस."

आणि मधलं विमान?

"त्यात रस्ता कुठे आहे? ते मोजत नाहीत."

मी शीटमध्ये एक रकाना वाढवला.